डन्स्टनबरा: समुद्रकड्यावरचा पडका किल्ला सावकाश कसा पाहावा

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्बरलँड काउंटीत, डन्स्टनबरा नावाचा चौदाव्या शतकातला किल्ला आहे. त्याच्या दारापर्यंत गाडी जात नाही. क्रास्टर या मच्छीमारांच्या गावातून समुद्राच्या काठाकाठाने १.३ मैल, म्हणजे दोन किलोमीटरच्या थोडं वर, पायी जावं लागतं. पुष्कळांना हे अंतर अडचणीचं वाटतं. मला मात्र ते या भेटीचा पहिला आणि सगळ्यात मोलाचा भाग वाटतं, कारण हा किल्ला लांबून दिसावा म्हणूनच बांधलेला आहे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन ठिकाणांच्या मध्ये उरलेल्या वेळात गेले होते. भरभर चालत पोचले, दरवाज्यासमोर फोटो काढले, एक जिना चढून उतरले आणि पाऊण तासात परत फिरले. घरी आल्यावर नकाशा पाहिला तेव्हा कळलं, की ज्याला मी किल्ला समजले तो फक्त त्याचा दरवाजा होता. सुमारे दहा एकरांचं आवार, पश्चिमेचा बुरूज, पक्ष्यांचा कडा, समुद्र आत घुसतो ती घळ, यातलं काहीच पाहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला सकाळी गेले आणि दुपार उलटल्यावर निघाले. खाली दिलेला क्रम त्या दुसऱ्या आणि नंतरच्या खेपांमधून ठरत गेलेला आहे.

निघण्याआधी: हा किल्ला कोणाचा, कशासाठी

पडक्या किल्ल्यात छप्पर नसतं, सामान नसतं, खोल्यांना दारं नसतात. आधी गोष्ट ठाऊक नसेल तर समोर दगडांचे ढीग दिसतात, एवढंच. म्हणून निघण्याआधी इतकं वाचून ठेवा.

हा किल्ला बांधला थॉमस, अर्ल ऑफ लँकेस्टर याने. तो तिसऱ्या हेन्री राजाचा नातू, गादीवर असलेल्या दुसऱ्या एडवर्डचा चुलत भाऊ आणि त्या काळातल्या सर्वांत श्रीमंत सरदारांपैकी एक. १३१२ साली राजाचा लाडका पिअर्स गॅव्हस्टन याला सरदारांनी पकडून ठार केलं. त्यात थॉमसचा मोठा हात होता. राजाशी कायमचं वैर पत्करल्यावर पुढच्याच वर्षी, १३१३ मध्ये, त्याने इथे काम सुरू केलं. तटबंदी उभारण्याचा राजाचा रीतसर परवाना आला तो १३१५ मध्ये.

जागेची निवड नीट पाहा. थॉमसच्या मोठ्या जहागिरी इथून खूप दक्षिणेला होत्या. स्कॉटलंडची सरहद्द मात्र जवळ होती आणि पायाशी समुद्र होता. प्रसंग आलाच तर पळून येण्यासाठी ही जागा चांगली. त्याशिवाय उत्तरेला किनाऱ्यावर बांबरा हा राजाचा किल्ला आहे. हवा स्वच्छ असेल तर तो इथून दिसतो. राजाच्या किल्ल्याच्या नजरेच्या टप्प्यात त्याच्या वैऱ्याने एवढा थोरला गड बांधावा, हे काही नुसत्या संरक्षणासाठी नव्हतं. थॉमस स्कॉटिश सरदारांशी गुपचूप पत्रव्यवहार करी आणि त्यात स्वतःसाठी ‘किंग आर्थर’ हे सांकेतिक नाव वापरी. तो स्वतःला कोण समजत होता, ते यावरून कळतं.

१३२२ मध्ये उघड बंड झालं. राजाचं सैन्य मागे लागलं आणि थॉमस उत्तरेकडे निघाला. बहुधा याच किल्ल्याकडे. वाटेत बरोब्रिजला नदीवरचा पूल अडवून त्याला १६ मार्चला गाठलं गेलं आणि २२ मार्चला पाँटिफ्रॅक्टला, त्याच्याच किल्ल्यासमोर, त्याचा शिरच्छेद झाला. ज्या आसऱ्यासाठी नऊ वर्षं दगड रचले, तो गरजेच्या वेळी सुमारे दीडशे किलोमीटर लांब राहिला. पायवाटेवरून हे अवशेष पहिल्यांदा दिसतात तेव्हा ही गोष्ट मनात असू द्या.

पुढचं थोडक्यात. १३८० च्या दशकात किल्ल्याचा तेव्हाचा धनी जॉन ऑफ गाँट याने स्कॉटिश हल्ल्यांच्या भीतीने किल्ल्याचा दरवाजा बदलला. तो बदल आजही जागेवर दिसतो. पंधराव्या शतकात लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांत इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या ‘गुलाबांच्या युद्धांत’ हा किल्ला लँकेस्टर पक्षाच्या हातात होता, त्याला वेढे पडले आणि १४६४ मध्ये तो यॉर्क पक्षाने कायमचा घेतला. त्यानंतर डागडुजीकडे कोणी फारसं पाहिलं नाही. सोळाव्या शतकातच तो पडका म्हणून नोंदला गेला आणि त्याचे घडीव चिरे आसपासच्या बांधकामांसाठी निघून गेले. म्हणजे आपण आज पाहतो ते पडकेपण पाचशे वर्षं जुनं आहे. टर्नर हा चित्रकार १७९७ मध्ये इथे आला तेव्हाही त्याला भग्न मनोरेच दिसले आणि त्याने तेच पुन्हा पुन्हा रंगवले.

दिवस कसा निवडावा

एप्रिल ते ऑक्टोबर हा सरळ काळ. हिवाळ्यात किल्ला आठवड्यातले मोजकेच दिवस उघडा असतो आणि वेळाही आखूड असतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी इंग्लिश हेरिटेजच्या संकेतस्थळावर वेळ पाहून घ्या. जमीन नॅशनल ट्रस्टच्या मालकीची आहे, व्यवस्था इंग्लिश हेरिटेज पाहते. दोन्हींपैकी कोणत्याही संस्थेचं सभासदत्व असेल तर प्रवेश फुकट. नसेल तर तिकीट ऑनलाइन काढून फोनमध्ये उतरवून ठेवा. किनाऱ्यावर नेटवर्क बेभरवशाचं असतं.

दिवसाच्या उजेडाचा हिशेब आपल्या सवयीपेक्षा फार वेगळा आहे. जूनमध्ये इथे पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री पावणेदहापर्यंत सूर्य असतो. डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या आधीच मावळतो. हिवाळ्यात जेवून निघू म्हणाल तर परतीची वाट अंधारात चालाल, आणि त्या वाटेवर दिवे नाहीत.

पक्षी पाहायचे असतील तर मे ते जुलैचा मध्य. फुलं, हिरवळ आणि कमी गर्दी हवी तर मे महिन्यातला कामाचा दिवस. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट सर्वांत चांगला: उजेड तिरपा असतो, शाळा सुरू झालेल्या असतात आणि समुद्राला थोडा जोर आलेला असतो.

एक गोष्ट हवामानाच्या अंदाजात नेहमी दिसत नाही. वसंत-उन्हाळ्यात पूर्वेकडून वारा आला की थंड समुद्रावरून दाट धुकं आत सरकतं. इथले लोक त्याला ‘फ्रेट’ म्हणतात. आत पाच मैलांवर लख्ख ऊन असतं आणि किनाऱ्यावर वीस पावलांपुढचं दिसत नाही. असं झालं तर निराश होऊन परतू नका. गावात तासभर थांबा. कित्येकदा ते जसं येतं तसं विरतं. आणि धुक्यातून गेटहाउसचे, म्हणजे किल्ल्याच्या दरवाज्याच्या इमारतीचे, दोन मनोरे आधी सावलीसारखे, मग दगडाचे होत गेलेले पाहणं हा फार मोठा आनंद आहे. मात्र धुक्यात कड्यांच्या बाजूला जाऊ नका.

पोचायचं कसं

रेल्वेने यायचं तर लंडन आणि एडिनबरा यांच्या मधल्या मुख्य पूर्व किनारा मार्गावर ॲल्नमथ स्टेशनला उतरा. एडिनबराहून साधारण एक तास, लंडनहून साडेतीन ते चार तास. मात्र प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, हे तिकीट काढतानाच बघा. तिथून ॲल्निक आणि पुढे क्रास्टरला बस मिळते. किनाऱ्याने जाणारी एक्स १८ ही बस बहुतेकांच्या उपयोगी पडते. बसफेऱ्या विरळ आहेत, रविवारी आणि हिवाळ्यात आणखी विरळ. जातानाच्या बसपेक्षा परतीची शेवटची बस आधी लिहून ठेवा.

गाडीने येत असाल तर ए१ महामार्ग सोडून ॲल्निकजवळून किनाऱ्याकडे वळा. क्रास्टर गावात पाहुण्यांच्या गाड्यांना जागा नाही, गल्ल्या अरुंद आहेत आणि राहणाऱ्यांना त्रास होतो. गावात शिरण्याआधीच उजव्या हाताला जुन्या दगडखाणीत सशुल्क वाहनतळ आहे, तिथेच गाडी लावा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो अकराच्या आत भरतो. तिथलं स्वच्छतागृह वापरूनच निघा. पुढच्या दोन किलोमीटरमध्ये सोय नाही, आणि किल्ल्यावर ती असेल असं गृहीत धरून जाऊ नका.

त्या खाणीकडेही एकदा पाहा. तिथला काळा, कठीण दगड म्हणजे ‘व्हिनस्टोन’. हाच दगड किल्ल्याखालचा कडा आहे. क्रास्टरच्या धक्क्यावरून तो जहाजात भरून रस्त्यांच्या कडा बांधायला जाई. धक्क्याच्या टोकाशी काँक्रीटचा जो बोजड सांगाडा उभा आहे, तो त्या दगडाच्या कोठाराचा खालचा भाग. धक्का मात्र १९०६ चा. क्रास्टर घराण्याने ब्रिटिशांच्या १९०४ च्या तिबेट मोहिमेत मारल्या गेलेल्या आपल्या भावाच्या आठवणीसाठी तो बांधला.

काय घालावं, काय न्यावं

वारा. बाकी सगळ्या तयारीचं मूळ हेच. जुलैतही उत्तर समुद्रावरचा वारा कानात शिरतो. वारा अडवणारं जाकीट, त्याखाली काढता-घालता येईल असा एखादा गरम थर, कान झाकणारी टोपी. छत्री नेऊ नका. ती पहिल्या मिनिटात उलटते आणि कड्यापाशी ती सावरायला जाणं धोक्याचं आहे. पायात घोट्याला आधार देणारे, तळाला खाचा असलेले बूट. वाट गवताची आणि सपाट आहे, पण मेंढ्या चरतात, पावसानंतर चिखल होतो आणि किल्ल्यातले जिने झिजलेले आहेत.

दुर्बीण असेल तर जरूर घ्या. पाणी आणि थोडं खाणं घ्या. आणि किल्ल्याचा आराखडा कागदावर छापून घ्या. वाऱ्यात फोनच्या काचेवर बोट फिरवण्यापेक्षा हातातला कागद दहापट कामाचा.

वाट: दोन किलोमीटर, पाऊण तास

धक्क्याच्या उत्तरेकडून गावाची शेवटची घरं संपली की एक फाटक लागतं. त्याच्या पलीकडे मेंढ्यांनी खाऊन गालिच्यासारखं केलेलं गवत, उजवीकडे समुद्र आणि समोर, सरळ रेषेत, किल्ला. अर्ध्या तासात पोचता येतं. पाऊण तास द्या.

या वाटेवर तीनदा थांबा.

पहिल्यांदा फाटकापाशीच. इथून दोन फुटके मनोरे आणि डावीकडे, जरा दूर, एक एकटा बुरूज दिसेल. दोन मनोरे म्हणजे गेटहाउस. एकटा तो लिलबर्न बुरूज. त्या दोघांमधलं अंतर डोळ्यांत साठवा, किल्ल्याच्या आकाराची कल्पना त्यावरूनच येते.

दुसऱ्यांदा साधारण अर्ध्या वाटेवर. इथे पायाखालचा काळा खडक उजवीकडे समुद्रात कसा कललाय ते बघा. सुमारे २९.५ कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जुन्या थरांमध्ये घुसून थिजला आणि त्याची एक जाड पाटी झाली. तिला ‘व्हिन सिल’ म्हणतात. याच पाटीच्या धारेवर रोमनांनी आपल्या साम्राज्याच्या सीमेवरच्या हेड्रियनच्या भिंतीचा मधला भाग बांधला, याच पाटीवर बांबरा किल्ला उभा आहे आणि समोरची फार्न बेटंही तिचीच. नॉर्थम्बरलँडमध्ये जिथे असा काळा कडा दिसेल तिथे बहुधा हाच दगड. किल्ल्याची जागा थॉमसने निवडली, पण कड्याने ती आधीच मुक्रर केली होती.

तिसरा थांबा सर्वांत महत्त्वाचा आणि बहुतेक लोक तो न घेता पुढे जातात. किल्ल्याच्या चढाच्या अलीकडे, डाव्या हाताला, जमीन जरा खोलगट होते. लव्हाळी दिसतात, पावसाळी दिवसांत पाणी साचलेलं असतं. हे मध्ययुगीन तळं आहे. या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञांनी इथल्या जमिनीचं बारीक मोजमाप केलं तेव्हा ध्यानात आलं, की किल्ल्याभोवती जमिनीच्या बाजूने तीन उथळ तळी मुद्दाम खोदून, बांध घालून तयार केली होती. एका बाजूला समुद्र, उरलेल्या बाजूंना गोडं पाणी. किल्ला बेटासारखा दिसे आणि गेटहाउसची सावली पाण्यात पडे. स्वतःला ‘किंग आर्थर’ म्हणवणाऱ्या माणसाने पाण्यातला गड उभा केला, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

खोलगट भागाच्या काठावर उभं राहा, लव्हाळ्यांच्या जागी स्थिर पाणी आहे असं समजा, आणि मग वर बघा. हा किल्ला कोणाला दाखवण्यासाठी बांधला ते पुस्तकापेक्षा इथे चांगलं कळतं. थोडी चिखलाची तयारी असेल तर वाट न सोडता जितकं पश्चिमेला जाता येईल तितकं जा.

गेटहाउस

आता चढ. तो लहान आहे, पण वारा तोंडावर येतो.

जवळ गेल्यावर लगेच आत शिरू नका. दोन्ही बाजूंचे बुरूज समोरून गोलाकार आहेत, मध्ये बोळासारखा प्रवेशमार्ग. मूळ इमारत तीन मजली होती आणि वर टेहळणीचे मनोरे आणखी उंच चढत होते. पहिल्या एडवर्डने वेल्समध्ये बांधलेल्या किल्ल्यांची, विशेषतः हार्लेखची, ही पद्धत: दरवाजा हा किल्ल्याचा कच्चा दुवा नसून त्याचा सर्वांत भक्कम भाग करायचा आणि धन्याचा महालही त्याच्याच वर ठेवायचा. आपल्या गडकोटांत दरवाजा आडवळणी घालून लपवायची कला आहे. इथे उलट आहे. दरवाजा लपवायचा नाही, तो समोरच्याच्या अंगावर यावा अशीच त्याची मांडणी.

प्रवेशमार्गातून जाताना दोन्ही बाजूंच्या देवड्या पाहा, मग मान वर करा. छत गेलेलं असल्यामुळे मजले एकावर एक उघडे पडलेत. भिंतीत आडव्या ओळीने चौकोनी भोकं दिसतील; तिथे तुळया रुतवलेल्या असत, म्हणजे तो मजल्याचा तळ. अधांतरी अडकलेली शेकोटीची जागा दिसेल. ती ज्या खोलीला ऊब देई ती खोली आता हवेत आहे. मोठ्या खिडक्या सर्वांत वर, कारण दिवाणखाना वर होता: हल्ला होतो खालून, आणि उजेड हवा वरच्या माणसांना. पडका किल्ला वाचण्याच्या या तीन खुणा, तुळयांची भोकं, शेकोटी आणि खिडक्या, एकदा डोळ्यांना सवयीच्या झाल्या की कुठल्याही अवशेषात मजले आपोआप दिसू लागतात. दहा मिनिटं इथे नुसतं उभं राहून हाच अभ्यास करा.

जिना उघडा असेल तिथपर्यंत चढा. तो गोल, अरुंद आणि झिजलेला आहे. वर जाणारा आणि खाली येणारा एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, म्हणून पायथ्याशी आवाज देऊन विचारा. पाठीवरची पिशवी पुढे घ्या. उतरताना पायरीच्या रुंद, बाहेरच्या कडेने चला आणि एक हात भिंतीवर ठेवा.

वरून उतरल्यावर पश्चिमेला, म्हणजे बाहेरून पाहताना डावीकडे, जॉन ऑफ गाँटच्या दरवाज्याचे अवशेष शोधा. त्याने थॉमसचा हा भव्य प्रवेशमार्ग चक्क बुजवून टाकला, गेटहाउसचा बालेकिल्ला केला आणि शेजारी तटात नवा दरवाजा काढला, पुढे आडोशाच्या भिंतीसकट. आज बुजवलेला बोळ पुन्हा मोकळा आहे आणि आपण थॉमसच्याच वाटेने आत येतो. सरहद्दीवरच्या सत्तर वर्षांच्या धास्तीने दिखाव्याचं काय केलं, ते या दोन दरवाज्यांमध्ये पन्नास पावलांत दिसतं.

आवाराची फेरी

इथून पुढे बहुतेक लोक परततात. तुम्ही घड्याळाच्या दिशेने फेरी घ्या: पश्चिम, उत्तर, पूर्व, आणि परत दक्षिण.

आत शिरताच वाटतं, हे तर रिकामं कुरण. एवढं मोठं आवार कशासाठी, यावर अभ्यासकांचं मत असं, की सरहद्दीवरच्या हल्ल्यांच्या काळात आसपासच्या लोकांना गुरांसकट आत घेता यावं. १३१४ मध्ये बॅनकबर्नला स्कॉटिश सैन्याकडून इंग्रजांचा दणदणीत पराभव झाल्यावर उत्तर इंग्लंड वर्षानुवर्षं लुटलं जात होतं. किल्ला पडल्यावर मात्र या आवारात नांगर फिरला. ऊन तिरपं असताना गवतात समांतर वरंबे दिसतात, ते त्या शेतीचे.

पश्चिमेच्या टोकाला लिलबर्न बुरूज. जॉन डी लिलबर्न या किल्लेदाराचं नाव त्याला मिळालं. चौकोनी, उंच, आणि काळ्या खडकाच्या खांबांवर उभा. वितळलेला दगड निवताना आक्रसला आणि उभा तडकला, म्हणून हे खांब. इथून एम्बलटन उपसागराची वाळू, मागे टेकड्या आणि स्वच्छ दिवशी बांबरा दिसतो. डबा उघडायचा असेल तर या बुरुजाच्या आडोशाला. वारा पूर्वेचा असेल तर तिथेच काय तो निवांतपणा मिळतो.

उत्तरेचा कडा म्हणजे गल क्रॅग. इथे समुद्राकडे अखंड तटबंदीची गरजच पडली नाही, कड्यानेच ते काम केलं. वसंतापासून ऑगस्टपर्यंत किटीवेक नावाचे छोटे समुद्रपक्षी खांबांच्या बोटभर कपारींत घरटी करतात. त्यांचा कलकलाट आधी ऐकू येतो, मग वास येतो, मग ते दिसतात. कड्याच्या धारेवरून वाकून पाहायचा मोह टाळा. गवत धारेच्या पुढे लोंबतं आणि त्याच्याखाली जमीन नसते. कड्यापासून निदान चार-पाच मीटर आत राहा. पक्षी नीट पाहायचे तर किल्ल्याबाहेरून, खालच्या किनाऱ्यावरून पाहायचे. त्याबद्दल पुढे.

आग्नेय टोकाला एगिनक्लू बुरूज. नावाचा अर्थ गरुडाची घळ. त्याच्या पायाशी समुद्र एका अरुंद चिरेत आत शिरतो. तिचं जुनं नाव ‘रम्बल चर्न’, आताचं ‘क्वीन मार्गारेट्स कोव्ह’. लँकेस्टर पक्षाचा राजा सहावा हेन्री याची राणी मार्गारेट इथून होडीने निसटली अशी दंतकथा आहे. पुरावा काही नाही. जुनं नाव मला जास्त खरं वाटतं. भरतीला लाटेने जोर धरला की पाणी चिरेत कोंडतं, घुसळतं आणि पायाखालच्या दगडातून गडगडाट येतो. थोडं थांबून डोळे मिटून ऐका.

तिथून परत दक्षिणेच्या तटाने गेटहाउसकडे या. हा तट सर्वांत जाड आणि घडीव दगडाचा, कारण हल्ला येणार तो याच बाजूने. वालुकाश्माच्या चिऱ्यांवर मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत. खारं पाणी दगडात मुरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटतो. वेढ्यांनी जितकं पाडलं नसेल तितकं या मिठाने कुरतडलंय. म्हणूनच भिंतींवर चढू नका, चुना निसटलेल्या फटींत बोटं घालू नका, आणि आठवण म्हणून खडाही उचलू नका. १९७९ च्या कायद्याने हे संरक्षित स्मारक आहे. इथे परवानगीशिवाय धातूशोधक यंत्र वापरणं गुन्हा आहे. ड्रोनही उडवू देत नाहीत.

या फेरीला दीड तास धरा.

उत्तरेचा किनारा

वेळ आणि पाय शाबूत असतील तर हे चुकवू नका. किल्ल्याच्या बाहेर येऊन पश्चिमेच्या पायथ्याने उत्तरेकडे वाट जाते. दहा मिनिटांत तुम्ही गल क्रॅगच्या खाली, एम्बलटन उपसागराच्या कोपऱ्यात पोचता. काळे खांब, त्यांवर पांढऱ्या पक्ष्यांच्या रांगा आणि वर लिलबर्न बुरूज असं दृश्य इथूनच मिळतं. जवळच चुनखडीचे थर घडी घातल्यासारखे वाकून वर आलेत. त्याला ‘ग्रेमेअर रॉक’ म्हणतात.

इथले गोल काळे धोंडे ओले असताना साबणासारखे असतात. भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला चार मीटरच्या वर जातो, म्हणून भरतीच्या वेळा आधी पाहा आणि धोंड्यांवर उतरायचं तर पाणी ओसरत असतानाच. कड्याच्या अगदी पायथ्याशी बसू नका, दगड सुटतात. काही बरंवाईट झालंच तर ९९९ फिरवा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा; नुसती रुग्णवाहिका मागितली तर कड्याखालच्या माणसापर्यंत मदत उशिरा पोचते.

फोटो काढणाऱ्यांसाठी: पहाटे क्रास्टरच्या बाजूने, कारण सूर्य समुद्रातून उगवतो, संध्याकाळी एम्बलटनच्या बाजूने. भर दुपारी गेटहाउसचा दगड निस्तेज दिसतो, तेव्हा कॅमेरा ठेवून द्या.

मुलं, वडीलधारी माणसं, कुत्रा

सहा-सात वर्षांच्या पुढची मुलं ही वाट सहज चालतात. आवारात मात्र उत्तर आणि पूर्वेच्या बाजूला हात सोडायचा नाही. बाबागाडी गवतावरून ढकलता येते, पण कष्टाची. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी तळ्याच्या खोलगट भागापर्यंत तरी यावं. अर्धा किल्ला तिथूनच दिसतो, आणि तोही बांधणाऱ्याला दाखवायचा होता तसाच. चाकाच्या खुर्चीसाठी ही वाट योग्य नाही. कुत्र्याला दोरी हवीच, मेंढ्या आहेत. वसंतात कोकरं असतात तेव्हा तर जास्तच.

परत फिरताना

सगळं मिळून पाच तास धरा. परतीच्या वाटेवर दर थोड्या वेळाने मागे वळून बघा. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं आणि सकाळी सपाट दिसलेल्या बुरुजांना गोलाई येते. क्रास्टरला पोचल्यावर ओकच्या लाकडाचा धूर दिलेले हेरिंग मासे, इथले प्रसिद्ध ‘किपर’, चाखायला मिळतील. गावात धुराचा वासच रस्ता दाखवतो. शाकाहारी असाल तर डबा सोबतच ठेवा, गावात पर्याय थोडे आहेत. वाहनतळाची वेळ सकाळी पैसे भरतानाच पूर्ण दिवसाची घ्या. दोन तासांची घेतलीत, तर लिलबर्न बुरुजापाशी बसल्यावर लक्ष समुद्रावर राहणार नाही, घड्याळावर जाईल.